साहेबाला दाखव, शिजवू नको

माझ्या सासूला मासा कळतो, असं कॉलनीत सगळे म्हणायचे. हे कोणी सुरू केलं मला माहीत नाही. बहुतेक तिनेच. समोर मी तिला ‘अहो आई’ म्हणायचे, मनात कधीच नाही, त्यामुळे इथेही म्हणणार नाही.

बोईसरला कारखान्यांच्या मागच्या बाजूला आमच्या कारखान्याची कॉलनी होती. तीन इमारती, एक पाण्याची टाकी आणि टोकाला साहेबांचा बंगला. ऐंशी सालाच्या मागे-पुढे मी लग्न होऊन तिथे आले. नवरा त्याच कारखान्यात सुपरवायझर. फाटकातून आत शिरलं की पहिलंच घर आमचं, तळमजल्यावर. त्यामुळे मासेवाली आली की तिची पाटी सगळ्यात आधी आमच्या पायरीवर उतरायची. सासू पाट घेऊन बसायची. कल्ला उचलून लाल आहे का बघायची, डोळा चकचकतोय का बघायची, पोटावर बोट रोवायची, आणि मग निकाल द्यायची. तिने घेतलं की वरच्या मजल्यावरच्या बायका भांडी घेऊन खाली यायच्या. तिने नाक मुरडलं की पाटी तशीच परत. नाक मुरडायची खरी, पण त्या नाकाला वास येत नव्हता. वीस वर्षांच्या तपकिरीने ते कधीच कामातून गेलं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलायची हिंमत कोणाची नव्हती.

ती मासेवाली समुद्रकाठच्या घिवलीच्या पुढच्या एका वाडीतली. वय चाळिशीचं, खांदे पुरुषासारखे, आवाज असा की पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा. कॉलनीत शिरायची परवानगी तिला एकटीलाच होती, कारण कॉलनी बांधली जात होती तेव्हापासून ती मजुरांना सुकट विकायला यायची. फाटकावरचा भय्या तिला अडवायचा नाही. तिची सगळी कमाई या फाटकाच्या आत होती. बोईसरच्या बाजारात जागा नव्हती तिला, तिथे प्रत्येक दगडावर कोणा ना कोणाची पाटी पिढीजात बसलेली. मी तिला मावशी म्हणायचे. सासू तिला ‘ए बाई’ म्हणायची. आणि ती मला ‘सूनबाय’ म्हणायची, त्या घरात माझ्याशी नीट बोलणारं तेवढंच एक माणूस.

मासे घेण्याची एक भाषा असते. ज्यांच्या घरी मासा येत नाही त्यांना ती कळायची नाही, म्हणून सांगते. मासेवाली ‘परवडत नाय’ म्हणाली की परवडतं. ‘जा, नको घेऊ’ म्हणाली की थांबायचं, ती हाक मारते. ‘ते तुझ्यासाठी नाय’ म्हणाली की नेमकं तेच घ्यायचं, कारण चांगला माल तिने दुसऱ्या कोणासाठी तळाशी ठेवलेला असतो. यात लबाडी कोणाचीच नाही. दोघींना माहीत असतं की बोलणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. पण याचा एक तोटा आहे. तिला खरंच ‘घेऊ नको’ म्हणायचं असेल, तर ते म्हणायला तिच्याकडे वेगळे शब्दच उरत नाहीत.

माझं माहेर पालघरचं. आमच्या ओट्यावर शिरगावच्या मासेवाल्या बसायच्या, आई त्यांना चहा द्यायची. आई म्हणायची, ‘‘ती ओरडते तोवर विकतेय. आवाज खाली आला की कान दे.’’ त्यामुळे मला ते कळायचं. सासूला नाही कळायचं, कारण तिला सगळंच कळत होतं.

त्या रविवारी साहेब आणि त्यांची बायको आमच्याकडे जेवायला येणार होते. नवऱ्याच्या बढतीचं घोडं अडलं होतं, म्हणून हा घाट. दोन दिवस सासू नुसती थयथयत होती. पडदे धुतले, सासऱ्यांना नवा लेंगा घालून बसवलं, शेजारणीकडून काचेचे पेले आणले. मासेवाली आली तेव्हा नऊ वाजले असतील. मी दारात उंबऱ्याशी नारळ फोडत उभी होते.

पाटीत वर मांदेली आणि बोंबील. एका कडेला ओलं गोणपाट घट्ट गुंडाळून ठेवलेलं.

‘‘ते काय दडवलंयस?’’ सासूने विचारलं.

‘‘ते विकायचे नाय.’’

झालं! सासूने हात घालून गोणपाट उलगडलंच. आत चार बोईट, चांगले हाताएवढे, अंगावर खवल्यांची चांदी. तिने कल्ला उचलला, लालभडक. डोळा दाबला, काचेसारखा. माझ्याकडे बघून हसली, म्हणजे बघ, शीक.

‘‘ताजे हाय,’’ मासेवाली म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. ‘‘पन खायाचे नाय. पहाटे खाडीत उलटे होऊन वर आले, हातानं उचलले. रॉकेलचा वास हाय त्यांना. आमच्या लोकांनी साहेबाला दाखवायला माझ्याकडं दिले. तीन अर्ज केले, कोन बघत नाय. बोलतात, तुमाला नुकसानभरपाई पायजे म्हनून बोंबलता.’’

मला एकेक शब्द ऐकू आला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

सासूला काय ऐकू आलं? तिला ऐकू आलं, साहेबाला. ‘‘बघ, निघालं ना तोंडातून!’’ ती म्हणाली. ‘‘बंगल्यावर द्यायचा माल बाजूला काढलाय. अगं, तो साहेबच आज माझ्याकडे जेवायला आहे. मग बंगल्यावर दे नाहीतर इथे दे, जाणार त्याच्याच पोटात.’’

मासेवाली थबकली. बंगल्याच्या दारात कुत्रा होता आणि कुत्र्यापेक्षा वाईट असा एक आचारी होता. साहेबापर्यंत तिला कोणी जाऊ देणार नाही हे तिला माहीत होतं. तरी वाडीतल्या माणसांनी तिच्या भरवशावर ते चार मासे दिले होते, कारण फाटकाच्या आत जाणारी ती एकटीच. तिच्या तोंडावर मला सरळ दिसलं, की बाईला वाट सापडली.

‘‘साहेब इथं येनार? खरा?’’

‘‘मग खोटं सांगते का मी?’’

‘‘मग त्याला दाखव. कच्चे दाखव, शिजवू नको. नाकाशी धर, वास घेऊ दे. आनि सांग, हे आमच्या खाडीचे हाय.’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘सूनबाय, तू ध्यान ठेव.’’

मी मान हलवली. हो, हलवली. हे कोणाला सांगितलं नाही आजवर, पण हलवली.

ती पैसे घेत नव्हती. सासूने नाणं तिच्या मुठीत कोंबलं. ‘‘मासेवालीचं फुकट खाऊन मला तिच्या उपकारात राहायचं नाहीये,’’ म्हणाली. सकाळची पहिली विक्री, भवानीची वेळ. सवयीने मासेवालीने नाणं कपाळाला लावलं. फाटकावरून भय्या बघत होता. इतकंच घडलं. मग ती पाटी डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यांना हाका घालत गेली.

आत आल्यावर मी म्हटलं, ‘‘आई, ती खरंच सांगत होती. ते मासे...’’

‘‘तू गप गं. पालघरच्या कारकुनाची पोर, मला मासा शिकवणार! ह्या बायका चांगल्या मालाला असंच म्हणतात. आयुष्य गेलं माझं त्यात.’’

मी मासे कापले. सुरी आत गेली तेव्हा थोडा वास आला, थोडासाच. हळद-मीठ लावलं तेव्हा दबला. पण तव्यावर तेलात तुकडी पडली आणि, अगं बाई, रॉकेलचा डबा पालथा व्हावा तसा वास उठला. मी पुन्हा बाहेर जाऊन सांगितलं. सासू आत आली, दोन्ही नाकपुड्यांत तपकीर, आणि म्हणाली, ‘‘स्टोव्ह भकभकतोय तुझा. पिन मारायची अक्कल नाही आणि माशाला नावं ठेवतेय.’’ स्टोव्ह रॉकेलचाच होता, आणि मी त्या घरात आल्यापासून जे जे बिघडलं ते सगळं माझ्याच हाताने बिघडलेलं होतं. हाही वास माझ्याच नावावर जमा झाला.

तिथे मी हट्ट धरायला हवा होता. तवा उचलून मोरीत उपडा करायला हवा होता. नवऱ्याला हाक मारायला हवी होती. मी काय केलं ते सांगते. मी मनात म्हटलं, खाऊ दे. साहेबासमोर खाऊ दे, आणि साहेबासमोर फजिती होऊ दे तिची. दीड वर्ष तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता मी. सगळ्या तुकड्या खमंग तळल्या, वर कोथिंबीर पेरली आणि बशी बाहेर नेली. मला त्यात आनंद होत होता, खोटं कशाला बोलू?

जेवायला साहेब, साहेबीणबाई, नवरा, सासरे आणि सासू. मी वाढायला. साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. सगळे थांबले. सगळ्यांच्या नाकापर्यंत तो वास पोचला होता, नाही तो सासूच्या. साहेब दुसऱ्याच्या घरी होते, वयस्कर बाईने आग्रहाने वाढलेलं. ते म्हणाले, ‘‘वा, वेगळीच चव आहे.’’ लगेच माझा नवरा म्हणाला, ‘‘वेगळीच, पण छान.’’ सासरे म्हणाले, ‘‘छान.’’ साहेब खाताहेत म्हणून नवरा खात होता, आणि मुलगा खातोय म्हणून बाप. साहेबीणबाईंनी एक तुकडा भाताखाली दडवला. सासू म्हणाली, ‘‘खाडीचा बोईट, साहेब. खास तुमच्यासाठी ठेवलेला होता, मी काढून घेतला.’’ मी पुन्हा वाढत गेले. सासऱ्यांना दोन तुकड्या जास्तीच्या वाढल्या. त्यांचा काय दोष होता? काही नाही. हात थांबला नाही माझा, इतकंच.

माझं जेवण सगळ्यांच्या मागून असायचं. त्या दिवशी मी आमटी-भात खाल्ला.

दुपारी चार वाजता सासऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. मग नवऱ्याला, मग सासूला. बंगल्यावरून आचारी धावत आला, तिकडे साहेब मोरीतून उठतच नव्हते. कारखान्याचे डॉक्टर आले. बाकीचे दोन दिवसांत सावरले, सासऱ्यांना आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते अर्धे होऊन आले आणि पुढे कधी पूर्ण झाले नाहीत. पडल्या पडल्या त्यांनी एकदा मला विचारलं, ‘‘तुला वास आला नव्हता का गं?’’ मी म्हटलं, ‘‘स्टोव्हचा वाटला.’’

मासे शिळे होते, असं सासूने पहिल्या दिवशी जाहीर केलं. कॉलनीने मानलं. मासा तिला कळतो ना! पण दुसऱ्या दिवशी साहेबीणबाई म्हणाल्या, ‘‘शिळे नव्हते. रॉकेलचा वास होता, मी तोंडात घातला तेव्हाच कळलं.’’ आणि मग काय विचारता! जे वाडीने तीन अर्जांत लिहून कोणाला पटलं नाही, ते साहेबीणबाईंच्या एका वाक्याने दुपारपर्यंत सगळ्यांना पटलं. ‘‘बाई म्हणतात, रॉकेलच होतं.’’ ‘‘बाईंना कळलं बघा.’’ वरच्या मजल्यावरची एक तर म्हणाली, मला महिनाभर वाटतच होतं. तिसऱ्याच दिवशी खाडीकडच्या नाल्यावर माणसं दिसायला लागली, आठवड्याभरात खणाखणी झाली, पाइप पुढे कुठेतरी लांब नेऊन सोडला. पाणी कोणत्या कारखान्याचं होतं ते कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

मग सासूची पंचाईत झाली. मासा ताजा होता आणि विषारी होता, म्हणजे तिला काहीच कळलं नव्हतं. तिने एका रात्रीत नवं बोलणं तयार केलं. ‘‘त्या मेलीला माहीत होतं. माहीत असून तिने मला विकला. पैसे कपाळाला लावून घेतले, भय्याने बघितलंय.’’ अर्धं खरं होतं. तिला माहीत होतंच. सगळा फरक एका गोष्टीचा होता, की तिने ते सांगितलं होतं की नव्हतं. आणि ते ऐकणाऱ्या आम्ही दोघी.

त्या रविवारनंतर तीन दिवसांनी मासेवाली आली तेव्हा भय्याने लाठी आडवी धरली. ‘‘अंदर जाने का नहीं. ऑर्डर है.’’

तिला काही कल्पनाच नव्हती. ती उलट आनंदात आली होती, नाल्यावर माणसं आलेली बघून. तिला वाटलं, मासे साहेबापर्यंत पोचले, काम झालं. पाटी फाटकाबाहेर ठेवून ती ओरडायला लागली. बायका खाली जमल्या. सासू पायरीवर उभी राहून बोटं मोडत होती. ‘‘खुनी बाई! माझा नवरा मारायला निघाली होती!’’

‘‘मी तुला सांगितला होता!’’ मासेवाली फाटकाचे गज धरून म्हणाली. ‘‘शिजवू नको सांगितला होता! साहेबाला दाखव सांगितला होता!’’

‘‘ऐका! चोराच्या उलट्या बोंबा!’’

बायका हसल्या. आणि मला त्यांचं नवल वाटलं नाही. रोज ‘आईची शपथ, सकाळचा हाय’ म्हणणारी बाई, तिचं कोण ऐकणार? तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेबांचा चेहरा ओढलेला होता, ते खाली उतरले. काय गडबड आहे, विचारलं. दोघींनी एकदम सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, ‘‘तिथे तिसरं कोणी होतं?’’

‘‘सूनबाय होती,’’ मासेवाली म्हणाली. ‘‘दारात उभी होती. तिला सगळा ठाऊक हाय. तिला विचारा.’’

सगळे माझ्याकडे वळले. साहेब मला म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते खरं.’’

दीड वर्षात मला त्या घरात, त्या कॉलनीत, कोणी काही विचारलं नव्हतं. भाजी कोणती करू हेसुद्धा नाही. मी बोलले तर पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता अख्खी कॉलनी माझ्या तोंडाकडे बघत होती, साहेबासकट. मी सासूकडे बघितलं. तिचं बोटं मोडणं थांबलं होतं. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी दीड वर्ष तिच्याकडे बघत आले होते.

लोकांना वाटेल, मी घाबरले. घाबरले नव्हते मी. मला त्या क्षणी लख्ख कळलं, की खरं सांगितलं तर म्हातारीची आज एक दिवस फजिती होईल, उद्या ती दुप्पट होऊन माझ्या मानेवर बसेल. आणि खोटं सांगितलं तर ती जन्मभर माझी. मी हिशेब केला आणि तो बरोबर निघाला.

‘‘मी आत स्टोव्ह पेटवत होते,’’ मी म्हटलं. ‘‘मला काही ऐकू आलं नाही.’’

मासेवालीने गजांवरचे हात काढले. साहेब भय्याला म्हणाले, ‘‘पुन्हा आत सोडू नको,’’ आणि जीपमध्ये बसले. बायका पांगल्या. तिने पाटी उचलली, कोणाची मदत न घेता डोक्यावर चढवली, आणि समुद्राकडे जाणाऱ्या नवापूरच्या रस्त्याला लागली.

त्या संध्याकाळी सासूने कपाटाच्या किल्ल्या कमरेच्या काढून ओट्यावर ठेवल्या. मी त्या कमरेला खोचल्या. दुसऱ्या दिवसापासून भाजी कोणती, मला विचारून. माहेरी किती दिवस, माझ्या मर्जीने. एकदा तिने जुन्या सवयीने आवाज चढवला, तेव्हा मी फक्त म्हटलं, ‘‘साहेबांना भेटून येऊ का?’’ ती गपकन खाली बसली. नंतर नंतर मी तिची तपकीरही बंद केली. डॉक्टर नको म्हणतात, असं सांगितलं. कोणत्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. ती लहान मुलासारखी हात पुढे करायची, मी देत नव्हते. तिच्या शेवटच्या वर्षांत तिला वास यायला लागला, आणि ती म्हणायची, घरात रॉकेलचा वास येतो. स्टोव्ह जाऊन गॅस आला होता तेव्हा. मी म्हणायचे, भास होतोय तुम्हाला.

आणि गंमत बघा, कॉलनीत मासा कळणारी म्हणून आता माझं नाव झालं. त्या प्रसंगानंतर मासे स्टेशनजवळून यायला लागले. बायका पिशव्या घेऊन माझ्याकडे यायच्या, वहिनी बघा हो. मी वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे.

सासू गेली तेव्हा नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. सासू गेली, ठीक झालं, घरदार हाती आलं, असं म्हणतात. माझ्या हाती ते चौदा वर्षं आधीच आलं होतं, त्यामुळे मला ठीकही वाटेना. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि एके सकाळी मी एसटीत बसून घिवलीकडे निघाले. पुण्य करायला वगैरे नाही. मला माफी हवी होती, आणि आता ती स्वस्तात मिळेल असं वाटत होतं. जिला खोटं ठरवायचं ती तर मेली होती.

वाडीत विचारत विचारत पोचले. समुद्राकडेला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, खाली सावलीत पाच-सहा बायका करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या. ती त्यांच्यातच होती. दुसऱ्याच्या मालावर रोजाने बसली होती. खांदे उतरले होते, पण मी लगेच ओळखलं. तिनेही मला ओळखलं. हात थांबवले नाहीत.

‘‘बस,’’ म्हणाली.

मी वाळूत बसले. मी म्हटलं, ‘‘मावशी, त्या दिवशी मी ऐकलं होतं. तुम्ही सांगितलं होतंत, शिजवू नको, साहेबाला दाखव. मी खोटं बोलले.’’

तिचे हात थांबले. शेजारच्या बायकांचेही थांबले. त्या माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या.

‘‘पुन्हा बोल,’’ ती म्हणाली. ‘‘मोठ्यानं.’’

मी पुन्हा बोलले. तिने घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. सून आली. जाळी विणत बसलेले दोन म्हातारे उठून आले. आजूबाजूची पोरंबाळं आली. ‘‘आता यांच्या समोर बोल.’’ मी तिसऱ्यांदा बोलले, सगळं, पहिल्यापासून. गोणपाट, चार बोईट, सासूने मुठीत कोंबलेलं नाणं, सगळं. हे सगळ्यांना कशाला ऐकवायचं, मला कळत नव्हतं.

एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, ‘‘म्हंजे हिनं विकले नव्हते.’’

‘‘कॉलनीची बाय सांगते म्हंजे खरंच असेल,’’ दुसरा म्हणाला. ‘‘तिला खोटा बोलून काय मिळनार?’’

तेव्हा मला उलगडलं. वाडीने साहेबाला दाखवायला दिलेले मासे ती घेऊन गेली आणि दुपारी रिकाम्या पाटीने, कनवटीला नाणं घेऊन परत आली. पुढच्या आठवड्यात कॉलनीची बातमी वाडीत पोचली, की तिने ते मासे पैशांसाठी विकले, साहेबापर्यंत नेलेच नाहीत. फाटक बंद झालं तेवढंच मला माहीत होतं. वाडीने तिच्याशी काय केलं ते मला माहीत नव्हतं. नाल्याचं काम झालं ते साहेबाच्या बायकोमुळे, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. या बाईने वाडीला विकलं, हेही पक्कं. ती रोज सांगत होती. चौदा वर्षं सांगत होती.

बायकांमधली एक म्हणाली, ‘‘आगं, मग तू आमाला बोललीस तेच खरा होता की.’’ कौतुकाने म्हणाली. जणू नवी गोष्ट कळली. सगळ्यांना एका मिनिटात पटलं होतं. दुसरी एक धावत जाऊन माझ्यासाठी कपबशीत चहा घेऊन आली, मला पायरीवर बसवलं, वारा घालायला पंखा आणला.

मासेवाली तिथेच बसून होती. मी चहा हातात धरून म्हटलं, ‘‘मावशी, माझं चुकलं. आता सगळ्यांना कळलं ना?’’

ती म्हणाली, ‘‘सगळ्यांना कळून काय करू? माझ्या घोवाला कळायला पायजे होता. चौदा वरसं माझ्याशी बोलला नाय तो. एका घरात राहिला, सुनेच्या हातचा जेवला, पन बोलला नाय. मरताना मी सांगितला, मी नाय रे विकले. तर त्यानं भिंतीकडं तोंड केला.’’

‘‘कधी गेले?’’

‘‘गेल्या शिमग्याला.’’

शिमगा होऊन दोनच महिने झाले होते. सासू तेव्हा जिवंत होती, तिचं आजारपण मी काढत होते, घरातून हलता येत नव्हतं असं नाही. बायका माझ्याभोवती उभ्या होत्या. चहा आणणारी म्हणाली, ‘‘घ्या ना बाय, थंड होईल.’’ मी चहा प्यायले.